दहा दिवसांची पिशवी

बाटल्यांचा कारखाना बंद पडला त्या दिवशीही मावशीने साडेसहाशे माणसांचा स्वयंपाक केला होता. फाटकावर नोटीस सकाळीच लागली, पण कॅन्टीनला कुणी कळवलंच नाही. बारा वाजले, साडेबारा झाले, तरी टेबलं रिकामी. शेवटी तिचा नवरा दारात येऊन उभा राहिला. तो पॅकिंग खात्यात होता, आणि मावशीचा नवरा म्हणून अख्खा कारखाना त्याला काका म्हणायचा.

"अगं, भात उतरव आता. कुणी येत नाही."

"उतरवलाय कधीच," ती म्हणाली. "निवतोय."

नोटिशीचं कळल्यावर ती दोन मिनिटं स्टुलावर बसली. मग उठली, पातेली ओढत ओढत फाटकाबाहेर रस्त्यावर आणली आणि येईल त्याला हाताला धरून वाढलं. रडणाऱ्यांनाही वाढलं, शिव्या देणाऱ्यांनाही वाढलं. बावीस वर्षांत तिच्या हातचं अन्न वाया गेलं नव्हतं, ते त्या दिवशीही गेलं नाही.

मावशी अंगाने आडवी आणि आवाजाने मोठी. हातात डाव असला की साहेबालाही रांगेत उभं करायची. तिची खरी ख्याती मात्र कोंड्याचा मांडा करण्यात. कंत्राटदार किडका तांदूळ पाठवायचा, कोंब आलेले बटाटे पाठवायचा, तेलात हात आखडायचा, आणि त्यातून ती असं जेवण काढायची की माणसं बोटं चाटत उठत. "मावशीला नुसता दगड आणि पाणी द्या," असं लोक म्हणायचे, "ती म्हणेल, मीठ तेवढं आणा." हे ऐकलं की मावशी वरून रागवायची आणि आतून फुलायची.

कारखाना गेल्यावर वसाहतीत वर्षभरात सगळं उतरणीला लागलं. तरणी माणसं बाहेरगावी गेली. उरले ते म्हातारे, आजारी, लहान पोरं पदरात असलेल्या बाया आणि ज्यांना दुसरं काहीच येत नव्हतं असे पुरुष. त्यांच्यासाठी कल्याण केंद्र सुरू झालं. दर सोमवारी घरटी शिध्याची एक पिशवी मिळायची. चार माणसांच्या घराला मिळायची ती अशी: डाळ, तांदूळ, पीठ, बटाटे, कांदे, तेलाची लहान बाटली, चिमूटभर चहा. आठवड्याची म्हणून मिळायची आणि शुक्रवार उजाडायच्या आत संपायची.

"लोकांना पुरवून खाता येत नाही," असं केंद्राच्या साहेबांचं म्हणणं पडलं. म्हणून त्यांनी एक बाई नेमली. कुणी काय खावं, किती खावं, याचं शिक्षण घेतलेली, तिशीच्या आतली, चष्मेवाली. वसाहतीने पहिल्याच दिवशी तिचं नाव आहारबाई ठेवलं. थोडक्यात भागवणारा स्वयंपाक कोण शिकवेल अशी आहारबाईंनी चौकशी केली तेव्हा दहा तोंडांनी एकच उत्तर दिलं, "आमच्या मावशीला बोलवा."

अशा रीतीने मावशी पुन्हा आपल्या कॅन्टीनमध्ये आली. 'स्वस्त आणि सोपं जेवण' हा वर्ग, दर गुरुवारी सकाळी दहा वाजता. मोठ्या शेगड्या कंपनीने काढून नेल्या होत्या. भिंतीवर त्यांच्या जागी काळे चौकोन राहिले होते. जमिनीत पक्की बसवलेली लांब टेबलं तेवढी जागेवर होती. मावशीला एक गॅसची शेगडी, दोन पातेली आणि एक तराजू मिळाला. रोजंदारीही मिळणार होती.

"साडेसहाशेचा स्वयंपाक डोळे मिटून केला," ती पहिल्या दिवशी काकांना म्हणाली. "चौघांचा करायचा म्हटलं तर हात थरथरतो बघा. मीठ घालावं की शिंपडावं?"

वर्गाला पंचवीस-तीस बाया आल्या आणि एकच पुरुष आला, भट्टीवाला. पन्नाशीचा, उंच, भुवया भट्टीच्या धगीने कायमच्या जळालेल्या. बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. म्हातारी आई सगळं बघायची, पण तिची नजर गेली आणि चूल भट्टीवाल्याच्या गळ्यात पडली. तो शेवटच्या बाकावर पाय आखडून बसला तसं बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"हसा," तो म्हणाला. "दीड हजार अंशांवर काच वितळवलीय मी. पण ही डाळ माझं काही ऐकत नाही."

"भिजवतोस का?" मावशीने विचारलं.

"भिजवायची असते?"

मग तर सगळा हॉल हसला. मावशीही हसली. तिने त्याला पुढच्या बाकावर आणून बसवलं.

ती जे शिकवायची त्यात गुपित काहीच नव्हतं. डाळ रात्री भिजवा. उकळी आली की पातेलं उतरवा, जुन्या ब्लँकेटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवा, तासाभरात आपोआप शिजते, इंधन वाचतं. जुनी डाळ असेल तर मीठ शेवटी. कांदा घाईने परतू नका. एकच कांदा मंद आचेवर तांबूस होऊ द्या, तीन कांद्यांची चव देतो. पीठ कोरडं भाजून ठेवा, पातळ कालवणाला चमचाभर लावलं की ते दाटसर होतं. बटाट्याची सालं फेकू नका, धुऊन तव्यावर कुरकुरीत करा. बाजार उठताना कोबीची वरची पानं, फ्लॉवरचे दांडे पडलेले असतात, ते उचलायला लाजू नका, चिरले की कोण विचारतंय कुठून आले. शिळा पाव भिजवून, पिळून, कांद्याबरोबर परता.

"आणि भूक?" मागून कुणीतरी विचारायचं.

"ती तर फुकटच मिळते," मावशी म्हणायची. "तिच्यासारखं तोंडी लावणं नाही."

तेव्हा लोक हसत. तेव्हा पिशवी आठवड्याला मिळत होती आणि मावशीमुळे ती खरोखरच सात दिवस जायला लागली होती. भट्टीवाला तर सगळ्यांच्या पुढे गेला. ब्लँकेटातलं पातेलं हे त्याला एकदम पटलं. "हे आमच्या भट्टीचंच तत्त्व," तो म्हणायचा, "उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही." दर गुरुवारी तो आईची प्रतिक्रिया घेऊन यायचा. "मावशी, काल आई म्हणाली, आज जेवणात जेवणाची चव लागली."

तीन महिन्यांनी आहारबाई वही घेऊन मावशीच्या घरी आल्या.

"मावशी, तुमच्या वर्गाचं वर फार कौतुक झालंय. साहेब म्हणत होते, हीच पिशवी आणखी ताणता येईल का? म्हणजे प्रयोग म्हणून. चार माणसं घेऊ, वजन करून देऊ, बघू किती दिवस जाते. चांगलं झालं तर हा वर्ग कायमचा होईल. तुम्हीही कायम व्हाल."

"किती दिवस हवेत?" मावशीने विचारलं. कुणाच्या स्वयंपाकघरात किती माणसं जेवतील असं विचारावं तसं.

"दहा?"

काका खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "बाई, माणसाचं पोट म्हणजे रबर नव्हे."

"तुम्ही गप्प बसा हो," मावशी म्हणाली. "दहा तर दहा."

चार माणसं ठरली. मावशी, काका, भट्टीवाला आणि त्याची आई. म्हातारीला चालवत नव्हतं म्हणून तिचा डबा घरी जायचा. पिशवी सगळ्यांसमोर तोलली. रोज सकाळी आणि दुपारी स्वयंपाक कॅन्टीनमध्ये व्हायचा आणि आहारबाई सगळं टिपून घ्यायच्या.

पहिले पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी कालवण पातळ झालं. सातव्या दिवशी काका उठता-बसता भिंत धरायला लागले. आठव्या दिवशी सकाळी मावशीने डाळीच्या डब्यात हात घातला आणि तिला तळ लागला. अजून तीन दिवस बाकी होते आणि दहाव्या दिवशी वरचे साहेब लोक येणार होते.

घरी तिच्याकडे आधीची शिल्लक होती, दोन ओंजळी डाळ आणि चार बटाटे. ते तिने पदराखालून नेलं आणि आहारबाई हात धुवायला गेल्या तेव्हा पातेल्यात टाकलं. नवव्या दिवशीही टाकलं. स्वतःच्या ताटात ती वाढून घ्यायची आणि चवीचं निमित्त करून परत पातेल्यात ओतायची. काकांना तिसऱ्या दिवसापासूनच चहाच्या टपरीवाल्याने, जुना दोस्त म्हणून, रोज पावाचा तुकडा द्यायला सुरुवात केली होती. ते त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. तिने दोन ओंजळींचं नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

दहाव्या दिवशी साहेब आले, सोबत आणखी तिघे. मावशीने कोबीच्या पानांचं आणि डाळीचं दाटसर कालवण केलं होतं, वर तांबूस कांदा. वासानेच साहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी दोन घास खाल्ले, मान डोलावली आणि भट्टीवाल्याकडे वळले.

"काय, पोट भरतं का यात?"

भट्टीवाल्याने मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता.

"भरतं म्हणजे?" तो म्हणाला. "तडस लागते साहेब."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीचा डाव घेऊन उभा असलेला फोटो निघाला. त्या दिवशी ती घरी गेली ती रस्त्याच्या मधून चालत गेली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोक रांगेत उभे होते. केंद्राची खिडकी उघडली नाही. खिडकीवर एक छापील कागद होता. शिध्याची पिशवी यापुढे दर दहा दिवसांनी मिळेल, असं त्यावर लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात होतं, 'अनुभवी कॅन्टीन-स्वयंपाकिणीने घेतलेल्या यशस्वी प्रात्यक्षिकानुसार.' बाजूला फोटो होता.

मावशी रांगेत मधोमध होती. तिच्यापर्यंत बातमी पोचली ती शब्दांनी नाही. पुढची माणसं एकेक करत मागे वळून बघायला लागली.

पहिली बोलली ती वर्गातलीच एक, जुळ्या पोरांची आई. "मावशी, दगड आणि पाणी द्या म्हणत होतो ना आम्ही, चेष्टेत? त्यांनी मनावर घेतलं बघा."

"अगं, मला काय माहीत..." मावशीने सुरुवात केली.

"तुम्हाला माहीत नव्हतं. पण येत होतं ना?" ती म्हणाली, आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत मारून निघून गेली.

त्या गुरुवारी वर्गाला कुणी आलं नाही. भट्टीवाला तेवढा आला. पुढच्या बाकावर बसून त्याने विचारलं, "आज काय शिकवणार?" मावशीने शेगडी पेटवलीच नाही.

आहारबाई आल्या त्या रडवेल्या होऊन. "मावशी, मी अहवालात लिहिलं होतं, 'अडचणीच्या वेळी काही दिवसांपुरतं शक्य'. शपथेवर सांगते. वर जाईपर्यंत 'काही दिवसांपुरतं' कुठे गळून पडलं मला कळलं नाही."

"मग आता तुम्ही सांगा ना वर."

"माझं ऐकत नाहीत. म्हणतात, प्रत्यक्ष झालेलं आहे, आम्ही स्वतः खाल्लंय."

त्या रात्री मावशीचा डोळा लागला नाही. सकाळी तिने काकांना दोन ओंजळींचं सांगितलं. काकांनी तिला पावाच्या तुकड्याचं सांगितलं.

"म्हणजे दहा दिवस गेलीच नव्हती पिशवी," मावशी म्हणाली.

"पिशवी गेली होती. तिच्यावर आपण तगलो नव्हतो."

"मी साहेबाला सांगते."

"सांगून काय होणार?"

"खरं काय ते तर कळेल."

काकांनी लहान मुलाकडे बघतात तसं तिच्याकडे पाहिलं. तिला चप्पल शोधून दिली.

साहेबांची खोली म्हणजे पूर्वीचं कारखान्याचं हजेरीचं ऑफिस. मावशीला टेबलासमोर खुर्ची मिळाली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही बाहेरचं धान्य घातलंत."

"हो. दोन ओंजळी डाळ, चार बटाटे. शिवाय मी स्वतः शेवटचे तीन दिवस जेवले नाही. माझा नवरा बाहेर खात होता. आणि तो भट्टीवाला, तो माझ्या तोंडाकडे बघून खोटं बोलला, त्याचा दोष नाही."

"हे तुम्ही लेखी द्याल?"

"देते."

"विचार करा," साहेब म्हणाले, आणि पेन पुढे करता करता थांबले. "लेखी दिलंत की केंद्राला खोटी माहिती दिली असा अर्थ होतो. चौकशी लागेल. चौकशी संपेपर्यंत तुमचं काम बंद, पिशवीही बंद. नियम आहे तो, माझ्या हातात नाही."

"आणि लोकांची पिशवी? ती पुन्हा सात दिवसांनी होईल?"

"तुमचं पत्र वर पाठवू."

"पण होईल का?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "वर पाठवू," ते पुन्हा म्हणाले.

मावशीने लिहून दिलं. तिला लिहायची सवय नव्हती. एक पान भरायला तिला तासभर लागला आणि प्रत्येक ओळ वरून खाली घसरत गेली. शेवटी सही केली.

घरी काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." मग, भिंतीकडे तोंड करून, "बरं केलंस."

आता घरात पिशवी येईना. मावशी गावातल्या एका खानावळीत भांडी घासायला जाऊ लागली. स्वयंपाकाला का नाही, तर मालक म्हणाला, तुमचा फोटो पाहिलाय, आमच्या गिऱ्हाइकाला पोटभर लागतं. ताटांतलं उरलंसुरलं घरी न्यायची तिला मुभा होती. काका त्यातलं वेचून वेचून खायचे आणि म्हणायचे, "आज मेजवानी दिसते." ते रोज म्हणायचे.

तिने पत्र लिहून दिल्याचं वसाहतीत कळलं. पण कळून काय उपयोग? पिशवी दहा दिवसांनीच येत होती. दुष्काळात तेरावा महिना तसा त्या वर्षी थंडीही कडक पडली. लोक मावशीशी भांडेनात. भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं. रागालासुद्धा पोटात काहीतरी लागतं.

भट्टीवाल्याकडे ती अधूनमधून जायची, खानावळीतलं काही चांगलं उरलं तर डब्यात घालून. त्याची खोली स्वच्छ असायची. कोपऱ्यात ब्लँकेटात गुंडाळलेलं पातेलं, शेजारी खाटेवर म्हातारी, एवढीशी झालेली. आधी ती बसून असायची, मग टेकून बसायला लागली, मग आडवीच.

"कोण आलंय?" ती विचारायची.

"मावशी आल्यात आई."

"ती होय, पाण्याला चव आणणारी? ये बाई. तुझ्या शिष्याने आज काय केलंय सांगू? वास डाळीचा, रंग डाळीचा, आणि डाळ सुट्टीवर."

"आई!"

"चेष्टा करते रे. तुझी आई आंधळी आहे, खुळी नाही. मी जेवले की तू पातेलं खरवडतोस, तो आवाज ऐकू येतो मला."

मावशीने आणलेला डबा म्हातारीने एक घास खाऊन परत सारला. "त्याला दे. तो अजून उभा आहे, त्याला लागतं. आडव्या माणसाला काय लागतं?"

"असं बोलू नये आजी."

"मग कसं बोलू? तूच शिकव. तू सगळ्यांना शिकवतेस."

हे ती कडवटपणाने बोलली नाही. तिने मावशीचा हात चाचपून धरला, आणि म्हातारीच्या हाताला हाडांशिवाय काही वजनच नव्हतं.

डॉक्टर एकदा येऊन गेले. अंडी द्या, दूध द्या, फळं द्या म्हणाले. भट्टीवाल्याने सगळं मन लावून ऐकलं, कागदावर लिहूनही घेतलं. मग त्याने लग्नातलं घड्याळ विकलं. पाच दिवस रोज एक अंडं आणि अर्धा पेला दूध घरात आलं. सहाव्या दिवशी घरात विकण्यासारखं एकच उरलं होतं, ती खाट, आणि तिच्यावर आई होती.

थंडी सरता सरता म्हातारी गेली. सकाळची वेळ होती, तो डाळीचं पाणी घेऊन तिला उठवायला गेला तेव्हा. डॉक्टरांनी कागदावर 'वय' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, तिचं वय झालंच होतं.

तिला पोचवून लोक आपापल्या घरी गेले. मावशी मागे थांबली. भट्टीवाला उंबऱ्यावर बसला होता. उंच माणूस, गुडघे छातीशी घेऊन. वर न बघता त्याने विचारलं,

"मावशी, एक विचारू?"

"विचार ना."

"तुम्ही सांगितलंत तसंच केलं मी सगळं. डाळ भिजवली, भिजवलेलं पाणी टाकलं नाही. पीठ भाजून लावलं. कांदा घाईने परतला नाही. बाजारातून पानं आणली, लाजलो नाही. सालंसुद्धा टाकली नाहीत." तो थांबला. "माझं कुठे चुकलं का?"

मावशी त्याच्या शेजारी बसली. तिला वाटलं, याने शिव्या दिल्या असत्या तर. याने म्हटलं असतं, तुझ्यामुळे. पण तो खरोखरच विचारत होता, वर्गात विचारायचा तसा, उत्तर मिळालं तर पुढच्या वेळी सुधारता येईल अशा आवाजात.

"नाही रे," ती म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही."

"मग?"

मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने स्वतःच मान हलवली, जणू कळलं, आणि उठून आत गेला.

पंधरा दिवसांनी तो गेला. कुठेतरी लांब विटांच्या भट्ट्यांवर माणसं घेतात असं त्याने ऐकलं होतं. जाताना तो निरोप घ्यायला आला, मावशीच्या पाया पडला, काकांना म्हणाला, "धगीपाशी काम म्हटलं की मला जमतं." त्यानंतर त्याची काही खबर आली नाही. चांगली नाही, वाईटही नाही.

चौकशीचा निकाल उन्हाळ्यात आला. दोन ओळी होत्या. 'माहितीत किरकोळ तफावत आढळली. निष्कर्षात बदल करण्याची आवश्यकता नाही.' मावशीची पिशवी पुन्हा सुरू झाली. काम सुरू झालं नाही. आहारबाईंची तोवर बदली झाली होती. जायच्या आधी त्या एकदा भेटायला आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. चष्मा पुसत म्हणाल्या, "मावशी, मला वाटलं होतं मी लोकांना मदत करतेय."

"मलाही तेच वाटलं होतं," मावशी म्हणाली.

आणखी एका वर्षाने पिशवी बारा दिवसांनी मिळायला लागली. त्या वेळी कुणी प्रात्यक्षिक मागितलं नाही. कागदही लागला नाही. खिडकीतल्या माणसाने नुसती पुढची तारीख सांगितली.

त्या दिवशी रांगेत मावशीच्या पुढे एक नवीन मुलगी उभी होती. कडेवर तान्हं मूल. नुकतीच कुठूनतरी वसाहतीत राहायला आलेली. तिने पिशवी उघडून आत पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मागे वळली.

"मावशी, हे बारा दिवस कसं पुरवायचं हो? तुम्हाला काही येतं का?"

रांगेतल्या दोघी-तिघी खाली बघायला लागल्या.

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मुलीचे ओठ फुटले होते. मूल तिच्या खांद्याचं कापड चोखत होतं. गेल्या दोन वर्षांत मावशीने कुणाला काही शिकवलं नव्हतं, शिकवणार नाही असं ठरवलं होतं. पण मुलगी वाट बघत होती, आणि तिला काहीतरी सांगायला हवं होतं. म्हणून तिने सांगितलं. डाळ भिजव, उकळी आली की उतरव, जुनं ब्लँकेट आहे का घरी? पीठ भाजून ठेव. कांदा घाईने परतू नकोस. ती सांगत होती आणि मुलगी ओठ हलवून पाठ करत होती.

"असं केलं की पुरेल ना मग?" मुलीने विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. "पुरणार नाही."

मुलगी गोंधळून बघत राहिली. खिडकीतल्या माणसाने "पुढे चला" म्हणून हाक दिली. मावशीने आपली पिशवी घेतली, काखेत धरली, आणि मुलीच्या कडेवरचं मूल आपल्याकडे घेऊन तिच्याबरोबर तिच्या खोलीपर्यंत चालत गेली, कारण मुलीला दोन्ही ओझी पेलत नव्हती.